स्टेशन गावाबाहेर का? समरकंद, बुखारा आणि त्यांना जोडणारी रेल्वे

मागच्या दोन व्याख्यानांत आपण मध्य आशियातल्या काफिल्यांच्या वाटांविषयी बोललो. उंट, सराया, विहिरी, जकात, हे सगळं झालं. आज त्याच मुलखातून पुन्हा जायचं आहे, फक्त उंटावरून उतरून आगगाडीत बसायचं आहे.

सुरुवात आमच्या फजितीपासून करतो. समरकंद बघून झालं आणि आम्ही बुखाऱ्याची गाडी धरली. या जलद गाडीचं नाव ‘अफ्रासियोब’. समरकंदच्या जुन्या पांढरीच्या टेकाडाला जे नाव आहे, तेच गाडीला दिलंय. ही गाडी 2011 साली ताश्कंद ते समरकंद सुरू झाली आणि 2016 मध्ये बुखाऱ्यापर्यंत नेली. काफिल्याला जिथे आठवडा लागायचा, तिथे समरकंदहून बुखाऱ्याला आता दीड तासाच्या आसपास लागतो. चहा पिऊन होईतो आलंच म्हणा ना. खाली उतरलो. पाटीवर बुखारा लिहिलेलं. आता समोर मिनार दिसणार, घुमट दिसणार, म्हणून आम्ही इकडे बघतोय, तिकडे बघतोय. मिनार नाही, घुमट नाही. टॅक्सीवाला म्हणाला, शहर अजून बारा किलोमीटर आहे. आमची खात्री की हा आपल्याला फसवतोय. पण तो अगदी खरं बोलत होता. ज्या स्टेशनाला बुखारा म्हणतात, ते मुळी बुखाऱ्यात नाहीच. ते कागान नावाच्या वेगळ्या गावात आहे.

आता महाराष्ट्रातल्या माणसाला याचं फार नवल वाटायला नको. नाशिकला जाणारा नाशिक रोडला उतरतो आणि गोदावरी तिथून आठ-दहा किलोमीटरवर असते. एकेकाळी त्या अंतरासाठी ट्रामसुद्धा होती. पण नाशिकचं स्टेशन लांब आहे ते मुख्य लाइन तिथून गेली म्हणून. बुखाऱ्याभोवती तर सपाट ओअ‍ॅसिस आहे. घाट नाही, वाटेत अडणारी मोठी नदी नाही. मग स्टेशन लांब का? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे. त्या बारा किलोमीटरांत काय काय घडलं, हे आम्ही परत आल्यावर वाचत गेलो आणि आमची फजिती आम्हाला फारच किरकोळ वाटायला लागली.

थोडी पार्श्वभूमी, भरभर. रशियाने ताश्कंद घेतलं 1865 साली आणि समरकंद 1868 साली. बुखाऱ्याचं राज्य मात्र पूर्ण गिळलं नाही. अमीर गादीवर राहिला आणि रशियाचा मांडलिक झाला. आपल्याकडच्या संस्थानिकांसारखंच: तोफांची सलामी आहे, दरबार आहे, फक्त परराष्ट्र धोरण दुसऱ्याच्या हातात. 1880 साली कास्पियन समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून रूळ टाकायला सुरुवात झाली, तीही प्रवाशांसाठी नव्हे. जनरल स्कोबेलेव्हला तुर्कमेनांवर चालून जायचं होतं आणि वाळवंटात उंट मरत होते, म्हणून. जानेवारी 1881 मध्ये ग्योक तेपेचा किल्ला पडला, हजारो तुर्कमेन मारले गेले. लढाई संपली, पण रूळ पुढे सरकत राहिले. त्या कामावर जनरल आनेन्कोव्ह होता.

त्याची पद्धत बघण्यासारखी होती. कामाच्या टोकाला एक राहती गाडीच उभी असे. दोन मजली डबे, त्यात सैनिक-कामगारांची झोपण्याची सोय, स्वयंपाकघर, दवाखाना. पुढे रूळ टाकायचे आणि त्याच रुळांवरून घर पुढे ढकलायचं. बरा दिवस असेल तर चार-पाच किलोमीटर काम व्हायचं. वाळू रात्रीत रूळ गिळायची, म्हणून कडेने साक्सौलची वाळवंटी झुडपं लावली. इंजिनात कोळशाऐवजी बाकूच्या खनिज तेलाचा गाळ जाळला. 1886 च्या उन्हाळ्यात गाडी मर्वला पोचली. हे तेच मर्व, जे मंगोलांनी 1221 साली उद्ध्वस्त केलं होतं. त्या जुन्या शहराजवळचं स्टेशन बैराम अली. तिथे स्टेशन लांब ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण विरोध करायला शहरच उरलं नव्हतं. डब्याच्या खिडकीतून पडक्या तटांच्या रांगाच्या रांगा दिसायच्या.

पुढे आमू दर्या. ही नदी दरवर्षी पात्र बदलते, काठ खाते. तिच्यावर दोन किलोमीटरहून जास्त लांबीचा पूल बांधला, आणि तोही लाकडी! जानेवारी 1888 मध्ये तो खुला झाला. गाडी त्याच्यावरून माणसाच्या चालीने जायची. लोखंडी पूल यायला 1901 उजाडलं. मे 1888 मध्ये पहिली गाडी समरकंदला पोचली.

त्याच वर्षी शरद ऋतूत या गाडीने एक तरुण इंग्रज खासदार आला. नाव जॉर्ज कर्झन. होय, तोच. पुढे 1899 ला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि 1905 ला ज्याने बंगालची फाळणी केली, तो. तो आला होता ते रशियाची ही रेल्वे हिंदुस्थानच्या दाराशी येते आहे का, हे बघायला. परत जाऊन त्याने त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. बुखाऱ्याचे लोक सुरुवातीला या गाडीला ‘शैतान अराबा’ म्हणजे सैतानाची गाडी म्हणत, हे त्याने नोंदवलंय. पण त्याच पुस्तकात पुढे तो सांगतो की तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत स्थानिक माणसं इतकी कोंबलेली होती, की त्याला हिंदुस्थानातल्या गाड्यांची आठवण झाली. म्हणजे सैतानाची भीती वाटायची, पण तिकीट परवडत असेल तर माणूस बसायचाच. आपल्याकडेही पहिली आगगाडी आली तेव्हा काय काय बोललं गेलं होतं!

समरकंदचा रेगिस्तान चौक बघून मात्र कर्झन पार हरखून गेला. हा चौक तीन मदरशांचा. उलुघ बेगचा 1420 साली पूर्ण झाला, शेर-दोर 1636 ला आणि तिल्ला-कारी 1660 ला. तिन्ही एका पिढीचं काम नव्हे, पण बघताना एकाच मनातून आल्यासारखे वाटतात. कर्झनने ते पडझड झालेल्या अवस्थेत पाहिले. हिंदुस्थानात प्राचीन स्मारकांच्या जतनाचा 1904 चा कायदा याच माणसाच्या कारकिर्दीत झाला. समरकंद पाहिलं म्हणून कायदा केला, असं आम्ही म्हणणार नाही. पण पडक्या वास्तूंपुढे उभं राहायची सवय या माणसाला आधीपासून होती, एवढं नक्की.

समरकंदलाही स्टेशन जुन्या शहरापासून काही किलोमीटर लांब आहे. मात्र तिथलं कारण उघड आहे. ते शहर थेट रशियाच्या ताब्यात होतं. जुन्या शहराच्या पश्चिमेला रशियनांनी सरळ रस्त्यांचं, झाडांच्या रांगांचं नवं शहर आखलं. म्हणजे पुण्यात कसं, पेठा एकीकडे आणि कॅम्प एकीकडे. गाडीतून उतरलेला माणूस आधी रशियन शहरातून जाणार आणि मग तैमूरच्या.

आता बुखारा. रेल्वेला परवानगी देणारा करार 1885 चा. त्याच वर्षी म्हातारा अमीर मुजफ्फर वारला आणि त्याचा मुलगा अब्दुलअहद गादीवर आला. बुखारा म्हणजे नुसती राजधानी नव्हे. ‘बुखारा-ए-शरीफ’ म्हणायचे तिला, पवित्र बुखारा. शेकड्यांनी मदरसे, दुरून येणारे विद्यार्थी, कडक मौलवी. मधोमध 1127 साली उभारलेला कलान मिनार. काही जण ‘कल्याण मिनार’ असंही लिहितात, पण आपल्या कल्याण जंक्शनशी त्याचा काही संबंध नाही, बरं का. ताजिक भाषेत कलान म्हणजे मोठा. अशा शहराच्या वेशीवर शिट्टी वाजवत इंजिन येणार, हे मौलवींना आणि अमिराला नको होतं. म्हणून रूळ लांबून न्या, असं ठरलं. सर्वसाधारणपणे हीच कथा सांगितली जाते.

आम्हाला ती अर्धीच वाटते. कारण रशियनांनाही ते अंतर सोयीचंच होतं. 1888 च्या करारात रेल्वेच्या कडेला रशियन वस्त्या वसवायची सोय करून घेतली. स्टेशनाभोवती ‘नवीन बुखारा’ उभं राहिलं, तेच आजचं कागान. तिथे रशियन राजकीय एजंट, रशियन बँका, कापूस पिंजणारे कारखाने, रशियन कायदा. चहूबाजूंनी अमिराचं राज्य आणि मधे एक बेट, जिथे अमिराचा हुकूम चालत नाही. स्टेशन बारा किलोमीटर लांब ठेवून अमिराने परकीयांना शहराबाहेर ठेवलं, हे खरं. पण त्याच फटक्यात त्यांना स्वतःचं गावही मिळालं.

आणि अमिराचा विरोध टिकला किती? अब्दुलअहद स्वतः गाडीने पीटर्सबर्गला गेला, उन्हाळ्यात क्रिमियाला जाऊ लागला, याल्ताला त्याने महाल बांधला. कागानपासून जुन्या शहरापर्यंत फाटा टाकायचं काम 1901 ला झालं, तेही त्याच्याच पैशाने. कागानमध्ये त्याने एक वाडा उभारला. त्याचा आराखडा बेनुआ नावाच्या वास्तुकाराचा, निम्मा युरोपी, निम्मा पौर्वात्य थाट. झार निकोलस येणार आहे म्हणून तो बांधला, असं सांगतात. झार काही आला नाही.

माल काय जायचा या गाडीतून? मुख्यतः कापूस. 1880 च्या दशकात अमेरिकन वाणाचा कापूस तिथे लागला आणि रेल्वेने तो मॉस्कोकडच्या गिरण्यांना जाऊ लागला. उंटांवरून ओरेनबुर्गला माल जायला महिने लागायचे, ते आता आठवड्यांवर आलं. वऱ्हाडातल्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. 1867 ला गाडी नागपूरला पोचली, मग खामगावचा फाटा झाला, आणि शेतात काय पेरायचं हे मँचेस्टरचा भाव ठरवू लागला. तिकडे तेच झालं, फक्त मँचेस्टरच्या जागी मॉस्को. पोटाच्या धान्याची जमीन कापसाखाली गेली आणि धान्य रशियातून गाडीने येऊ लागलं. गाड्या चालू आहेत तोवर ठीक होतं. 1906 ला ओरेनबुर्ग–ताश्कंद मार्ग झाल्यावर तर ही व्यवस्था पक्कीच झाली. पण 1917 च्या क्रांतीनंतर कोसॅक सेनापती दुतोव्हने ओरेनबुर्ग घेतलं, मार्ग तुटला, धान्य बंद झालं. आधीच दुष्काळ होता. तुर्कस्तानात त्या दोन-तीन वर्षांत लोक उपाशी मेले, खेडीच्या खेडी. ज्या रुळांनी शेत बदललं, ते रूळ बंद पडल्यावर जुनं शेत काही परत आलं नाही.

एक हिंदुस्थानी धागाही इथे आहे. शिकारपूरचे आणि मुलतानचे हिंदू सावकार पिढ्यान्‌पिढ्या बुखाऱ्यात होते, त्यांच्या स्वतःच्या सराया होत्या. हिंदुस्थानचा चहा, नीळ, मलमल काबूलमार्गे तिथे जायची. 1895 पासून बुखारा रशियाच्या जकात-सीमेत आलं आणि या व्यापाराला मोठा फटका बसला. दुसरी गोष्ट हजची. मध्य आशियातले अनेक यात्रेकरू पूर्वी अफगाणिस्तान ओलांडून पेशावर आणि तिथून मुंबई गाठायचे आणि मुंबईहून जहाजाने जेद्दाला जायचे. गाडी आल्यावर पुष्कळांनी वाट बदलली. रुळांनी काळ्या समुद्रापर्यंत, पुढे जहाज. मुंबईच्या बंदरावरचे बुखारी यात्रेकरू हळूहळू ओडेसाकडे वळले.

गाडीने माल आणि यात्रेकरू आले-गेले तसे विचारही. इस्तंबूल, कझान, बाकू इथली वर्तमानपत्रं टपालाच्या डब्यातून यायला लागली. ‘जदीद’ म्हणजे नवे, या नावाने ओळखले जाणारे सुधारक तयार झाले. मुलांना नव्या पद्धतीने लिहा-वाचायला शिकवा, भूगोल शिकवा, एवढीच सुरुवातीची मागणी. आपल्या बाळशास्त्र्यांची, लोकहितवादींची आठवण व्हावी अशी मंडळी. त्यांच्यातले समरकंदचे महमूद ख्वाजा बेहबूदी. त्यांनी 1913 पासून ‘आयना’ हे नियतकालिक चालवलं. 1914 मध्ये इस्तंबूल, जेरुसलेम, दमास्कस असा प्रवास करून त्याचं वर्णन लिहिलं. या माणसाला 1919 साली कार्शी इथे, म्हणजे बुखाऱ्याच्या अमिराच्या हद्दीत, ठार मारलं.

दुसरे सदरिद्दीन ऐनी, पुढे ताजिक साहित्याचे जनक म्हणून गाजलेले. त्यांच्या गोष्टीत ते बारा किलोमीटर थेट येतात. 1917 च्या एप्रिलमध्ये अमीर आलिम खानाने नाइलाजाने सुधारणांचा जाहीरनामा काढला. जदीदांनी आनंदाने मिरवणूक काढली. अमिराने लगेच धरपकड सुरू केली. ऐनींना ‘अर्क’ या किल्ल्यात 75 फटके मारले आणि कोठडीत टाकलं. ते वाचले कसे? कागानहून आलेल्या रशियन क्रांतिकारी सैनिकांनी त्यांना सोडवलं आणि कागानच्या रेल्वे वस्तीतल्या रुग्णालयात नेलं. तिथे ते बरे झाले. म्हणजे जे बेट साम्राज्याने स्वतःच्या सोयीसाठी वसवलं होतं, तेच बुखाऱ्याच्या सुधारकाला जगायला उपयोगी पडलं. परक्यांची वस्ती म्हणून तिच्याकडे फक्त रागाने बघायचं, तर ऐनींना कुठे ठेवायचं? आम्हाला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही.

पण गोष्ट इथे थांबत नाही. मार्च 1918. ताश्कंदच्या सोव्हिएत सरकारचा प्रमुख कोलेसोव्ह गाडीतून सैनिक घेऊन कागानला आला. बरोबर बुखाऱ्यातून पळालेले तरुण सुधारक. अमिराला निर्वाणीचा खलिता धाडला. अमिराने बोलणी लांबवली, तेवढ्यात फौज जमवली, आणि कोलेसोव्हचा दारूगोळा संपत आला. त्याला माघार घ्यावी लागली. अमिराच्या माणसांनी काय केलं असेल? रूळ उखडले. मैलोन्‌मैल. तीस वर्षांपूर्वी ज्या सैतानाला लांब ठेवायचं ठरलं होतं, त्याच्याशी अखेर हातांनी झुंज झाली. शेवटी किझिलतेपे इथे तह झाला. मग शहरात सूड सुरू झाला. ज्याच्या घरी वर्तमानपत्र सापडलं, तो संशयित. ऐनी समरकंदला होते म्हणून वाचले, त्यांच्या भावाला अर्कमध्ये ठार केलं.

त्याच वर्षी याच मार्गाच्या पश्चिम टोकाला आपले लोक लढत होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. अश्गाबादच्या रेल्वे कामगारांनी ताश्कंदच्या बोल्शेविकांविरुद्ध बंड केलं. त्यांच्या मदतीला मशहदहून ब्रिटिशांनी हिंदी फौज पाठवली, 19 वी पंजाबी पलटण आणि 28 वा हलका रिसाला. ऑक्टोबर 1918 मध्ये दुशाक स्टेशनाजवळ लढाई झाली. चिलखती गाड्या एकमेकींवर तोफा डागत होत्या आणि रुळांच्या दोन्ही अंगांना पंजाबी शिपाई. कर्झनला भीती होती रशियाच्या गाडीने हिंदुस्थानवर फौज येण्याची. घडलं ते उलटं, हिंदुस्थानची फौज त्या रुळांवर गेली.

ऑगस्ट 1920 च्या अखेरीस फ्रुंझेची लाल सेना बुखाऱ्यावर आली. तिचा तळ अर्थात कागान. तोफा होत्या, चिलखती गाड्या होत्या, विमानं होती. 2 सप्टेंबरला शहर पडलं. अर्क जळाला, बाजाराचे आणि मोहल्ल्यांचे भाग राख झाले, आठशे वर्षांच्या कलान मिनारावर तोफगोळा बसला. मिनार उभा राहिला. अमीर आलिम खान पूर्वेकडच्या डोंगरांत पळाला, तिथून अफगाणिस्तानात गेला आणि 1944 साली काबूलमध्ये वारला. आणि ज्या सुधारकांनी लाल सेनेला बोलावलं होतं, त्यांच्यातला पुढारी फैजुल्ला खोजायेव्ह नव्या राजवटीत मोठ्या पदावर गेला. 1938 मध्ये त्याच राजवटीने त्याला मॉस्कोच्या खटल्यात उभं करून गोळी घातली.

कर्झनच्या काळी एक कल्पना बरीच चर्चेत होती, ती जाता जाता सांगतो. रशियाचा फाटा मर्वहून अफगाण सीमेवरच्या कुश्कापर्यंत 1898 मध्ये आला. आपल्या बाजूने खोजक बोगदा पाडून ब्रिटिशांची लाइन त्याच दशकाच्या सुरुवातीला चमनला पोचली होती. मधलं अंतर सातशे-आठशे किलोमीटर. जोडलं असतं तर मुंबईहून समरकंदला जमिनीवरून गाडी! पण जोडणं दोघांनाही नको होतं. शिवाय रशियाचा गेज 1524 मिलिमीटर आणि हिंदुस्थानचा 1676. कंदाहारला गाडी बदलायची वेळ आली असती, एवढंच. चमनची लाइन अजून आहे, मधलं अंतर तसंच आहे.

आमच्या टॅक्सीवाल्याने शेवटी आम्हाला जुन्या शहरात सोडलं. गाडीच्या दीड तासानंतरची ती अर्ध्या-पाऊण तासाची वाट आम्ही परतीच्या दिवशी मुद्दाम लवकर निघून केली, कागान नीट बघायचं म्हणून. अमिराने झारसाठी बांधलेला तो वाडा तिथे आहे. सोव्हिएत काळात त्यात रेल्वे कामगारांचा क्लब भरायचा. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून ताश्कंदच्या गाडीची वाट पाहिली. ती वेळेवर आली.

प्रश्न असतील तर घेऊ. पुढच्या वेळी दमास्कस ते मदिना, हेजाझ रेल्वे.